डॉक्टर आनंदीबाई जोशी आणि त्यांचे दहा दिवसांचे बाळ

गेल्या थंडीच्या दिवसांत आम्ही अमळनेर तालुक्यातील एका खेड्यात मंडळीच्या भेटीस गेलो होतो. कापसाची वेचणी चालू असल्यामुळे दिवसा बहुतेक घरांस कुलपे होती. म्हणून उपासना दिवेलागणीनंतर ठेवावी असे ठरले. माणसे जमू लागली, परंतु एका घरचे कोणीच आले नाही. चौकशी करता कळले की, त्या घरी नऊ दिवसांचे बाळ असून त्यास सकाळपासून धाप लागली आहे. उपदेशकांची पत्नी लागलीच तिकडे गेली, व तिच्या मागोमाग आम्हीही गेलो.

खोलीचे दार लावून घेतले होते. खाटेखाली शेगडी होती, तीवर ओव्याची धुरी चालली होती, आणि त्या धुरात बाळ तीन दुपट्यांत गुंडाळून ठेवले होते. घरच्या आजीबाईंचे म्हणणे असे की, बाळास डबा झाला आहे, बिब्ब्याचा एक डाग दिला म्हणजे उतार पडेल, आणि काही झाले तरी बाळंतिणीने रात्रीचा उंबरठा ओलांडू नये. उपदेशकबाई वाद घालीत बसल्या नाहीत. त्यांनी दार उघडले, शेगडी बाहेर नेवविली, दुपटे बाजूस सारले आणि घड्याळावर नजर ठेवून पुरते एक मिनिट बाळाचे श्वास मोजले. ते 72 भरले. थोड्या वेळाने पुन्हा मोजले, तेव्हाही 70 च्या वरच. प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता, नाकपुड्या फुलत होत्या, व दुपारपासून बाळाने अंगावर घेतलेच नव्हते. त्यांनी 108 क्रमांकास फोन करविला. गाडी आली, तीत बाळ, बाळाची आई व उपदेशकबाई बसल्या आणि गाडी अमळनेरकडे गेली.

उपासना राहून गेली. मंडळी त्या घराच्या अंगणातच बसली, प्रार्थना झाली, परंतु कोणी उठेना. आजीबाई आमच्यावर रागावल्या होत्या. नऊ दिवसांच्या जिवासाठी रात्रीची एवढी धावाधाव कशाला, ज्याने दिले तो ठेवील नाहीतर नेईल, असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यांच्या बोलण्यात भक्ती नव्हती असे आम्ही म्हणत नाही. पोटची दोन लेकरे त्यांनी अशाच धापेत गमावली होती, हे आम्हांस नंतर समजले. त्यांना उत्तर म्हणून नव्हे, तर गाडीची वाट पाहत रात्र काढावयाची होती म्हणून, आम्ही त्या अंगणात डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांची हकिकत सांगितली. तीच येथे वाचकांस सादर करीत आहो.

आनंदीबाईंचे नाव ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. परदेशी जाऊन डॉक्टर झालेली स्त्री, एवढे शाळेतील मुलेही सांगतात. परंतु त्या डॉक्टर का झाल्या हे विचारले, तर पुष्कळ जण थांबतात.

त्यांचा जन्म 31 मार्च 1865 रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी, म्हणजे 1874 साली, त्यांचे लग्न गोपाळराव जोशी ह्यांच्याशी झाले. गोपाळराव मूळचे संगमनेरचे, टपालखात्यात नोकरीस, बिजवर, व पत्नीपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोने शिकलेच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. त्या काळी नवरा बायकोस शिकली म्हणून मारी. हा गृहस्थ शिकत नाही म्हणून मारी, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. त्यांच्या हट्टाचे फळ चांगले आले, म्हणून त्या माराचे आम्ही समर्थन करणार नाही. आमच्या मंडळ्यांतही असे गुरुजी आहेत, त्यांनी हे वाचून फार आनंदित होऊ नये.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. त्यास जे औषधपाणी मिळावयास हवे होते ते मिळाले नाही. त्या काळी बाळंतिणीच्या खोलीत पुरुष डॉक्टरास येऊ देत नसत, आणि स्त्री डॉक्टर तर देशात अगदी विरळा होती. सुईण, वडीलधाऱ्या बायका व त्यांचे परंपरेचे उपचार, एवढाच आधार. चौदा वर्षांच्या पोरीने आपले मूल मांडीवर घेऊन दहा दिवस पाहिले, आणि अकराव्या दिवशी मांडी रिकामी झाली. नीट उपचार होते तर आपले मूल वाचले असते, हे तिच्या मनाने धरले व ते तिने मरेपर्यंत सोडले नाही.

ही गोष्ट सांगत असता अंगणात फार शांतता झाली. आजीबाईंनी पदर तोंडाशी धरला.

ह्याच सुमारास मिशनाचा व ह्या कुटुंबाचा संबंध आला. गोपाळराव कोल्हापुरास असताना, 1878 साली, त्यांनी आपल्या पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस जाण्याची सोय होईल काय, अशी विचारणा तेथील अमेरिकन मिशनाकडे केली. ते पत्र रेव्हरंड रॉयल वाइल्डर ह्यांच्या हाती गेले. वाइल्डर साहेबांनीच 1852 साली कोल्हापुरात मिशनाचे काम सुरू केले होते. ह्या वेळी ते अमेरिकेत परत जाऊन प्रिन्स्टन येथून एक मिशनरी मासिक चालवीत होते. त्यांनी ते पत्र आपल्या उत्तरासह मासिकात छापले. उत्तराचा मतितार्थ असा की, ह्या गृहस्थाने आधी ख्रिस्ताचा स्वीकार करावा, मग पाहू.

हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. वाइल्डर साहेब देवभीरू मनुष्य होते व त्यांनी आपल्या मराठी मुलुखासाठी आयुष्य झिजविले, ह्यात शंका नाही. परंतु मदत मागणाऱ्यापुढे त्यांनी अट ठेवली, हेही तितकेच खरे. सारफथच्या विधवेचा मुलगा आजारी पडून त्याच्या ठायी श्वास उरला नाही, तेव्हा एलीयाने तिला तिचा धर्म विचारला नाही. ती परराष्ट्रीय होती हे त्यास ठाऊक होते. त्याने मूल तिच्या मांडीवरून घेतले, माडीवर नेले, आपल्या खाटेवर निजविले व देवाचा धावा केला.

देवाचे मार्ग मात्र वाइल्डर साहेबांच्या अटीने अडले नाहीत. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर नावाची एक ख्रिस्ती बाई राहत असे. ती एके दिवशी दंतवैद्याकडे गेली असता, पाळी येईपर्यंत तेथे पडलेले ते मासिक चाळू लागली, व हे पत्र तिच्या दृष्टीस पडले. तिने अट घातली नाही. तिने आनंदीबाईंस पत्र लिहिले, आनंदीबाईंनी उत्तर दिले, आणि पुढे दोघींत इतका जिव्हाळा जडला की, आनंदीबाई तिला मावशी म्हणू लागल्या. एकीने दुसरीचे तोंडही तोवर पाहिले नव्हते. छापलेले जुने पान कोठे जाऊन कोणाच्या हाती पडेल, हे आम्हां वर्तमानपत्र काढणाऱ्यांसही सांगता येत नाही.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या व शेवटी हे जोडपे बंगाल्यात आले. तेथे आनंदीबाईंची प्रकृती बिघडू लागली. डोके दुखे, अधूनमधून ताप येई, कधी धाप लागे. कार्पेंटर बाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली, पण गुण आला नाही. अशा शरीराने ही अठरा वर्षांची मुलगी समुद्र ओलांडण्यास निघाली होती.

जाण्यापूर्वी लोकांनी फार बोल लावले. तेव्हा 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या दिवाणखान्यात त्यांनी सभेपुढे उभे राहून इंग्रजीत आपले म्हणणे मांडले. वाचकांनी हे स्थळ ध्यानात घ्यावे. बंगाल्यातील ह्या श्रीरामपुरास कॅरी, मार्शमन व वॉर्ड ह्यांनी 1818 साली हे कॉलेज स्थापिले होते, आणि मराठी बायबलाच्या छपाईचा आरंभही तेथेच झाला होता. त्या जागी उभे राहून आनंदीबाईंनी सांगितले की, ह्या देशास स्त्री डॉक्टरांची मोठी गरज आहे, व ती भागविण्यासाठी आपण जात आहो. आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार, हेही त्यांनी तेथेच सांगून टाकले.

त्यांनी आपला शब्द पाळला. तेव्हा कोणी वाचक विचारील की, जिने अखेरपर्यंत बाप्तिस्मा घेतला नाही तिचे चरित्र मंडळीच्या पत्रात कशासाठी? त्या अंगणातही एका तरुण बंधूने हेच विचारले. आम्ही त्यास एवढेच म्हणालो की, आज ज्या गाडीतून बाळ गेले त्या गाडीच्या चालकाचा धर्म तू विचारला होतास काय? तो हसला व गप्प बसला.

एप्रिल 1883 मध्ये आनंदीबाई काही मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवरा बरोबर नव्हता, आपल्या जातीचे कोणी नव्हते. जून महिन्यात न्यूयॉर्क बंदरास लागल्या, तेव्हा कार्पेंटर मावशी धक्क्यावर उभ्या होत्या. त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात त्यांचा प्रवेश झाला. हे कॉलेज 1850 साली निघाले होते. त्याच्या मुख्य अधिकारी रेचल बॉडली ह्यांनी ह्या परक्या मुलीवर आईसारखी माया केली.

तीन वर्षे फार कष्टाची गेली. थंडी कडाक्याची, अन्न शाकाहारी व तेही तुटपुंजे, अंगावर लुगडे. राहावयास मिळालेल्या खोलीतील चूल नीट नसल्यामुळे धूर खोलीत भरे. विझवावी तर थंडी, पेटवावी तर धूर. आधीच दुबळ्या असलेल्या छातीस ह्याने काय झाले असेल, हे निराळे सांगावयास नको. तरीही अभ्यास सुटला नाही. पदवीसाठी जो निबंध लिहावयाचा असतो, तो त्यांनी प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर लिहिला. हा विषय निवडताना त्यांच्या मनापुढे कोण असेल, हे ओळखण्यास आम्हांस पंडिताची गरज वाटत नाही.

11 मार्च 1886 रोजी पदवीदान झाले. त्या समारंभास पंडिता रमाबाई आपल्या लहान मुलीस, मनोरमेस, घेऊन इंग्लंडाहून आल्या होत्या. त्या आनंदीबाईंच्या नात्यातल्या. रमाबाईंनी 1883 साली बाप्तिस्मा घेतला होता, आनंदीबाईंनी घेतला नव्हता. परंतु त्या दिवशी त्या सभागृहात दोघी मराठी बहिणी एकमेकींच्या जवळ होत्या. पुढे थोडे दिवस आनंदीबाईंनी बोस्टन येथील स्त्रिया व मुले ह्यांच्या इस्पितळात काम केले. इकडे कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. ज्या कोल्हापुरातून ते पहिले पत्र गेले होते, तेथेच त्यांस डॉक्टर म्हणून जावयाचे होते.

तसे घडले नाही. क्षयाने फुफ्फुसे पोखरली होती. नोव्हेंबर 1886 मध्ये त्या मुंबईस उतरल्या त्या आजारीच. पुण्यास वैद्यांचे उपचार झाले, गुण आला नाही, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी त्या वारल्या. बावीस वर्षे पुरी होण्यास एक महिना उरला होता. कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांच्या हाताने एकाही बाळाची नाडी पाहिली गेली नाही. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठविली, व ती न्यूयॉर्क प्रांतातील पोकिप्सी गावच्या कबरस्थानात, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवली आहे. ख्रिस्ती घराण्याच्या दफनभूमीत एका कल्याणच्या ब्राह्मण मुलीचे स्मारक आहे, व त्यावर तिचे नाव कोरले आहे.

येथे अंगणातील एका बाईने विचारले की, मग तिच्या शिकण्याचा उपयोग काय झाला? बाळ गेले, तीही गेली. ह्या प्रश्नास सरळ उत्तर आमच्याजवळ नव्हते व आजही नाही. परंतु तिच्या मागून ज्या स्त्रिया ह्या वाटेने गेल्या, त्यांची रांग लांब आहे. लुधियाना येथे एडिथ ब्राऊन ह्यांनी 1894 साली ख्रिस्ती स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. वेल्लोर येथे आयडा स्कडर ह्यांनी 1918 साली तशीच शाळा सुरू केली. एका रात्रीत तीन घरची माणसे बाळंतिणीसाठी त्यांच्या दाराशी आली व तिन्ही बाळंतिणी मेल्या, ह्या आठवणीतून त्यांचे काम उभे राहिले होते. आज अमळनेरास, चोपड्यास, पारोळ्यास बाळंतिणीपाशी स्त्री डॉक्टर वा नर्स उभी असते, व ह्याचे कोणास नवल वाटत नाही.

आणि बाळाच्या श्वासाविषयी जे ज्ञान आनंदीबाईंच्या काळी कोणासच नव्हते, ते त्यानंतर पायरीपायरीने मिळत गेले. गर्भात असताना बाळाच्या फुफ्फुसांत पाणी असते. जन्मताच ते सरून हवा शिरावी लागते. फुफ्फुसातील बारीक फुगे मिटून जाऊ नयेत म्हणून देवाने त्यांस आतून एक स्निग्ध लेप दिला आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात तो लेप अपुरा असतो, म्हणून त्यास श्वास घेणे जड जाते. हे कारण बोस्टन येथील मेरी एलन एव्हरी ह्या स्त्री डॉक्टराने 1959 साली दाखवून दिले. चारच वर्षांनी, ऑगस्ट 1963 मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांचा पाच आठवड्यांहून अधिक आधी जन्मलेला मुलगा ह्याच रोगाने बोस्टनमध्ये 39 तासांचा होऊन मेला. राष्ट्राच्या अध्यक्षाचे मूल, आणि जगातील उत्तम डॉक्टर उशाशी! त्या वेळी उपायच हाती आला नव्हता. पुढे 1980 साली जपानी डॉक्टर फुजिवारा ह्यांनी तो लेप बाहेरून फुफ्फुसांत सोडून बाळे वाचविल्याचे प्रसिद्ध केले, आणि आता तो उपाय आपल्याकडील मोठ्या इस्पितळांतही होतो.

आमच्या त्या बाळाचे मात्र दिवस भरलेले होते. त्यास झाला होता तो फुफ्फुसाचा दाह, म्हणजे न्यूमोनिया. ह्याविषयी आपल्या महाराष्ट्रातच मोठे काम झाले आहे, ते उपदेशकांस ठाऊक असावे. गडचिरोलीत डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग ह्यांच्या संस्थेने खेड्यातील बायकांस बाळाचे श्वास मोजण्यास शिकविले. ज्यांस अंक येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांची पाटी केली. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा, आणि मिनिटभराची वाळू सरण्याआधी तांबड्या मण्यास हात लागला तर धोका समजावयाचा. पुढे 39 गावांत अशा बायकांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा तिसऱ्या वर्षी बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. ही हकिकत 1999 साली जगापुढे आली. सरकारनेही 2011 पासून आशाताईंनी पहिल्या 42 दिवसांत ठरलेल्या दिवशी बाळ पाहण्यास जावे असे ठरविले आहे.

उपदेशकबाई हेच शिकल्या होत्या. थोरला माणूस स्वस्थ बसला असता मिनिटास 12 ते 20 श्वास घेतो. नवजात बाळ 30 ते 60 घेते, व मध्येच क्षणभर थांबून पुन्हा घेते. म्हणून पाव मिनिट मोजून चौपट करू नये, पुरते मिनिट मोजावे, आणि बाळ रडत असता मोजू नये. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास दोनदा मोजून 60 किंवा अधिक भरले, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, बाळ कण्हू लागले, ओठ निळसर झाले, अंगावर घेईनासे झाले, किंवा हातपाय गार पडले, तर ह्यांतील एक खूणही पुरे. सकाळची वाट पाहू नये. नवजात बाळास न्यूमोनियात ताप येतोच असे नाही, उलट अंग थंडही पडते. ताप नाही म्हणून पुष्कळ घरे फसतात. वाटेत बाळ आईच्या उघड्या छातीशी, कातडीस कातडी लावून, वरून पांघरूण घालून न्यावे. मात्र नाकतोंड मोकळे ठेवावे.

आणि धुरी! ती आमच्या आजीपणजीपासून चालत आली आहे हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्याची छाती भरली आहे त्याच्या नाकाशी धूर नेणे म्हणजे बुडणाऱ्यावर पाणी ओतणेच होय. बिब्ब्याच्या डागाने फुफ्फुसाचा दाह उतरत नाही. कोवळ्या कातडीस जखम होते व नवा विषार शिरण्यास दार उघडते. नाकात तेल सोडू नये, गुटी-मध चाटवू नये. आईचे दूधच द्यावे, आणि श्वास फार जोरात असेल तर तेही तोंडात ओतू नये, श्वासनळीत जाते.

रात्री दोनच्या सुमारास उपदेशकांच्या फोनवर निरोप आला. अमळनेरास बाळास प्राणवायू लावला होता, व तेथून त्यास धुळ्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले होते. आम्ही तो निरोप अंगणात सांगितला. मंडळीने पुन्हा प्रार्थना केली. ह्या वेळी आजीबाईंनीही केली. परंतु त्यांनी मोठ्याने केली नाही, म्हणून त्या काय बोलल्या हे आम्हांस माहीत नाही.

बाळ धुळ्यास अकरा दिवस होते. पहिले चार दिवस प्राणवायूची नळी होती, शिरेतून औषध चालू होते, आणि दूध नळीने पोटात सोडावे लागे. आई दर दोन-तीन तासांनी वाटीत दूध काढून देई. तिसऱ्या दिवशी बाळ निपचित पडले तेव्हा तिचा धीर सुटला होता, असे उपदेशकबाई सांगतात. त्या तिच्याबरोबर तीन रात्री बाकावर बसून राहिल्या. पाचव्या दिवशी नळी निघाली व बाळाने छातीस तोंड लावले.

एकविसाव्या दिवशी आशाताई घरी आल्या, तेव्हा आम्ही योगायोगाने त्या गावीच होतो. खोलीची खिडकी उघडी होती, शेगडी दिसली नाही. आशाताईंनी बाळाचे वजन केले व श्वास मोजले. 46 भरले. आजीबाईंनी त्यांस पुन्हा एकदा मोजावयास लावले.